समोरची नळी

मित्रांनो, मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. नाव ऐकून बिचकू नका. रक्त गरगर फिरवायचं आणि त्यातलं जड-हलकं वेगळं करायचं, एवढंच माझं काम. सध्या मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला आहे. येणारे-जाणारे माझ्या डोक्यावर चहाचे रिकामे कप ठेवतात. चालायचंच.

मी नवाकोरा आलो तेव्हा माझा थाट काही और होता. इथे संशोधन करणारे सर स्वतः माझं झाकण पुसायचे. रक्तातलं कोलेस्टेरॉल कुठून येतं, कुठे जातं आणि काहींच्या अंगात ते जन्मापासूनच का साठत राहतं, याचा सरांनी ध्यास घेतला होता. काही घरांत आधी बाप ऐन चाळिशीत छाती धरून खाली बसतो, मग काका, मग थोरला भाऊ. अशी घरं सर शोधून काढत आणि रक्त द्या म्हणून त्यांच्या विनवण्या करत.

रक्तातला लाल भाग काढून उरलेलं पिवळसर पाणी ते नळीत भरत आणि माझ्या हवाली करत. मी जीव तोडून फिरलो की नळीत नारिंगी पट्टा उमटे. तेच ते कोलेस्टेरॉल. निरोगी माणसाचा पट्टा दोऱ्याएवढा, या घरांतल्या माणसांचा चांगला बोटभर जाड.

आता माझी एक खोड सांगतो. एका बाजूला नळी ठेवली की बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी लागते. नाहीतर मी असा थरथरतो की टेबल हलतं आणि सगळे हातातलं काम टाकून धावत येतात. मला बोलण्याची तेवढी एकच रीत येते.

समोरच्या नळीसाठी सर स्वतःचंच रक्त काढत. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मॅडम एकदा म्हणाल्या, "सर, किती टोचून घेता? दुसरं काहीतरी ठेवू की."

"अगं, तोल कसा चोख जमला पाहिजे. आणि माझं रक्त फुकटचं आहे," सर हसून म्हणाले.

काम झालं की आजारी माणसाची नळी खिडकीपाशी उजेडात धरली जाई. सरांची नळी न बघताच बेसिनमध्ये रिकामी होई. ती तोलाची नळी, तिच्याकडे कोण बघणार? पण ती माझ्या पोटातून जायची ना. तिच्यातही तोच बोटभर पट्टा होता, मित्रांनो. मी रोज बघत होतो.

सर सडपातळ होते, जिने चढताना कधी थांबत नसत. त्यांचे वडील तरुणपणीच झोपेत गेले होते. "नशीबवान माणूस, एक सुई टोचून घ्यावी लागली नाही," असं सर सांगत, तेव्हा माझा जीव तीळ तीळ तुटायचा. आयुष्यभर लोकांची घरं धुंडाळणाऱ्या माणसाला आपलंच घर दिसत नव्हतं. मला थरथरायचं होतं, टेबल हलवायचं होतं. पण वजनं सारखी होती. वजनं सारखी असली की मी मुकाट्याने फिरतो.

एका दुपारी मी फिरत असतानाच सर छातीवर हात ठेवून स्टुलावर बसले. "जरा पाणी दे गं," म्हणाले. मॅडम पाणी घेऊन आल्या तोवर ते एका अंगाला कलले होते. लोक जमले, त्यांना उचलून नेलं. मी फिरतच होतो. मला थांबायचंही स्वातंत्र्य नाही.

सर परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझं झाकण उघडलं. डोळे सुजलेले होते. त्यांनी दोन्ही नळ्या एकदमच उचलून उजेडात धरल्या. दोन पट्टे, जुळ्या भावांसारखे. सरांची नळी त्यांनी या वेळी बेसिनमध्ये ओतली नाही, जपून बाजूला ठेवली.

काही दिवसांनी सरांची बायको आणि लेक त्यांचा कोट न्यायला आल्या. लेक बापासारखीच सडपातळ. मॅडमनी तिला जवळ बसवलं.

"काही खाल्लंस का गं?"

"नाही. सकाळपासून घशाखाली उतरलंच नाही काही."

"मग हात पुढे कर, बाळा. हे रक्त उपाशीपोटीच घ्यायचं असतं."

या वेळी समोर मिठाचं पाणी ठेवलं. मी फिरलो. माझ्याच्याने जमलं असतं तर मी तो पट्टा पुसून टाकला असता. पण पट्टा मी फक्त दाखवतो. तो जाडच निघाला. लेकीला औषध सुरू झालं. आता ती कधीमधी तपासणीला येते आणि मागच्या खोलीत डोकावून माझ्यावरचे कप उचलते.

मित्रांनो, दुसऱ्यांसाठी राबणारं एखादं माणूस तुमच्या घरात असेल, तर त्याची नळी एकदा उजेडात धरा. ते स्वतः धरणार नाही. आणि माझ्यासारख्यांच्या भरवशावर राहू नका. सर कोसळले, त्या दुपारीही माझा तोल अगदी चोख होता.