कमरेवरचा हात

मी आशा सेविका सुभद्राबाईंच्या पिशवीतली चित्रवही. जमिनीवर तंबूसारखी उभी राहते. पुढे चित्रं, मागे मजकूर. मजकूर गुजराती आणि सुरतेत पांडेसऱ्याच्या आमच्या गल्लीतली घरं खानदेशातली, म्हणून वाचून दाखवायचं काम सुभद्राबाईंचं.

चौथ्या पानावर एक गरोदर बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे. शेजारी घड्याळ. वेळेआधीच्या कळा मोजायला ते काढलंय. पण बायका आधी तिची साडी कोणत्या मिलची ते ठरवतात. घड्याळ पाहून कुणी म्हणतं, "गोळीची वेळ झाली असेल."

एका सकाळी मला रंजनाच्या घरी उभं केलं. पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दुपारच्या गाडीनं ती नंदुरबारला निघणार होती. न्यायला आलेला भाऊ भटू दारातच बसला होता. रंजना साडीला खडे चिकटवत होती आणि मधूनमधून तिचा हात थांबून कमरेवर जात होता.

सुभद्राबाई माझ्या घड्याळाकडे नाही, त्या हाताकडे बघत होत्या.

"कंबर दुखते?"

"कालपासून. येते, जाते."

"इतलं ते सगळासले व्हस," सासू पार्वतीबाईंनी दुखणं उडवून लावलं. "माहेरी जाऊन लोळेल."

"आज निघाली तर वाटेत नवापूरलाच बाळंत होईल. पोटाला हात लावा, मावशी."

पार्वतीबाईंनी लावला. पोट दगडासारखं झालेलं. ते सैल पडून पुन्हा घट्ट होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

"पण सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही म्हणतात."

"म्हणणाऱ्यांच्या गावात दवाखाना नव्हता. आता कळा रोखायचं औषध आहे, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन आहे. फक्त वेळेत पोचायला हवं."

"आईनं डिंकाचे लाडू करून ठेवलेत," भटू पुटपुटला.

"ते इकडे आण," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि सुनेची चप्पल शोधायला उठल्या.

दवाखान्यात कळा दोन दिवस रोखता आल्या. तेवढ्यात इंजेक्शनांनी काम केलं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. रंजना थकली की पार्वतीबाई नातीला उबेसाठी उघड्या छातीशी धरून बसत. आठव्यातलं जगत नाही, हे त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

आता माझे कोपरे मऊ पडलेत, पानांवर हळदीची बोटं आहेत. मला उभं करायच्या आधीच पार्वतीबाई शेजारणींना रंजनाचं सांगू लागतात. चित्र दाखवायचं राहून जातं. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हालाही तेवढंच सांगते: दिवस भरायच्या आधी घरातल्या लेकी-सुनेची कंबर थांबून थांबून दुखत असेल, तर हातातलं काम तिला पुरं करू देऊ नका. पोटाला हात लावून बघा, आणि तिला घेऊन दवाखान्यात निघा.