राहिलेली फेरी

“दवाखाना इथेच!” मोठ्या साहेबांनी लाकडी दवाखाना नकाशावरच्या नदीकाठी ठेवला आणि हात झटकले. “जागा स्वस्त, रस्ता जवळ. वाचलेल्या पैशांत बाग. बोला, खेळवाल्या बाई!”

बाईंनी गुण साहेबांच्या नावावर लिहिले. हवामान बदललं की शहराचं काय होतं, हे साहेबलोकांना भाषणांतून कळत नाही, म्हणून त्या हा खेळ मांडायच्या. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. तिथली मुलंही इतकी हट्टी नव्हती. खेळाची शेवटची फेरी पुराची. नदीत निळे काचमणी ओतायचे आणि ज्याने काठावर जे मांडलं, ते त्याच्या डोळ्यांदेखत बुडायचं. सगळा खेळ त्या फेरीसाठीच होता.

बाईंनी मण्यांच्या डब्याला हात घातला, तेवढ्यात जेवणाचा निरोप आला. साहेबांचे गुण सर्वांत जास्त होते, टाळ्याही सुरू झाल्या होत्या. बाईंचं पुढच्या वर्षीचं काम त्यांच्याच हातात. रंगात आलेल्या माणसाला उपाशीपोटी बुडवायचं कसं? बाईंनी झाकण परत लावलं.

“साहेब जिंकले,” त्या म्हणाल्या.

हात धुताना साहेब खुशीत होते. “खऱ्या दवाखान्याची फाइल अडवून ठेवली होती मी. अशीच नदीकाठची जागा. आज डोकं साफ झालं बघा. उद्या सकाळी सही करून टाकतो.”

‘थांबा’ म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं “अभिनंदन”. स्वतःच्या जिभेची त्यांना किळस आली.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. प्रत्येक नवा खेळ आधी त्यांच्यावरच पारखला जायचा.

“कोण जिंकलं गं?”

“मोठे साहेब.”

“पूर आल्यावरसुद्धा?”

बाईंनी खेळाची पेटी कोपऱ्यात सरकवली.

“म्हणजे आणलाच नाहीस? मला मेलीला दर वेळी बुडवतेस, हातापाया पडले तरी सोडत नाहीस. नि त्यांना सोडलंस होय?” सासूबाई हसल्या. सून हसत नाही म्हटल्यावर त्यांचंही हसू विरलं. “काय झालं?”

बाईंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं. “खाटेवरचं माणूस पळणार कुठे हो, आई? मी झाकण लावलं म्हणून...”

सासूबाईंनी समजूत घातली नाही. “उद्या पेटी घेऊन जा त्यांच्याकडे.”

“आणि पुढचं काम गेलं तर?”

“तर माझ्याशी खेळत बस.”

सकाळी साहेब यायच्या आधीच बाई त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर खेळाची पेटी. शिपायाने ओळखलं.

“आज परत? काल जिंकले ना साहेब?”

“नाही. माझी चूक झाली. एक फेरी राहिलीय.”

जिन्यावर साहेबांचा आवाज आला. बाई उठून उभ्या राहिल्या. पेटी त्यांनी छातीशी घट्ट धरली, तरी आतले मणी वाजतच राहिले.