ज्या भोकासाठी जागा उरली नाही

मी एक जुना फोन आहे.

नाही, चुकलं. फोन म्हणजे पडदा, बॅटरी, कॅमेरा. मी त्याच्या खालच्या कडेचं एक जुनं, गोल भोक आहे. इयरफोनची पिन खुपसायचं. मित्रांनो, भोकाकडे सांगण्यासारखं काय असणार? आत तर काहीच नसतं.

तेच सांगायचं आहे.

कारखान्यात बाकीचे भाग बसवले. माझ्यासाठी जागा सोडली. आत चार बारीक पट्ट्या, आणि मधे वाट पाहणं. पिन आली की टक्‌ असा आवाज होतो. तेवढ्यासाठी माझा जन्म.

माझी गाठ पडली ओमप्रकाश आणि माणिकबाई या नवराबायकोशी. तेल्हाऱ्याजवळ त्यांचा फुलांचा मळा. सकाळी झेंडू तोडायचा आणि गाडीनं अकोल्याच्या बाजारात धाडायचा. एक ओळ दोघांनी मिळून तोडायची. इकडून तो, तिकडून ती, मधे कमरेएवढी झाडं. ही रीत माझ्या आधीची की माझ्यामुळे पडली, मला माहीत नाही. फोन माणिकबाईच्या ओटीत. इयरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं त्याच्या. वायर पुरेना, म्हणून ओमप्रकाशनं ब्लेडनं तिचे दोन पदर खालपर्यंत चिरले होते. अकोल्याचा रेडिओ माझ्यातून दोघांकडे जायचा. वायर हीच त्याची एरियल. पिन निघाली की रेडिओ गप्प.

कोणी पुढं गेलं की वायर ताणली जायची.

"अवो, तुमची गाडी सुटून राहिली काय? हळू तोडा."

"तूच मागं राहिली. गोगलगाय."

आणि तो थांबायचा.

एकदा त्यांचं भांडण झालं. आठ दिवस अबोला. तरी रोज सकाळी माणिकबाई त्याचं टोक झाडांवरून पुढं करायची. तो तिच्याकडे न बघता ते घ्यायचा.

मग करिश्मा आली. त्यांची मुलगी, अमरावतीला नोकरी करते. तिनं नवा फोन आणला. देखणा होता, खोटं कशाला बोलू? बारीक अंग, मागे काच, तीन डोळे.

ओमप्रकाशनं तो उलटा केला, सुलटा केला. "याले भोक कुठी हाय?"

"नव्या पिढीत काढून टाकलं, बाबा. त्या जागेत मोठी बॅटरी बसते. अन् पाणी शिरत नाही."

"मंग वायर?"

"वायर गेली. रेडिओ आता इंटरनेटवर. हे घाला कानात." तिनं डबीतून दोन पांढरे तुकडे काढले.

माणिकबाईनं एक तळहातावर घेतला. "हे तं शेंगदाणे होत. एखांदी कोंबडी गिळन."

"कोंबडीपासून सांभाळ. अन् जुना मले दे. दुकानात बदल्यात द्यायचा आहे."

"राहू दे रविवारपर्यंत. फोटो पाहाचे हायत."

फोटो तिनं एकदाही पाहिले नाहीत.

सोमवारी ओमप्रकाश म्हणाला, "आता वायर नाई, मंग एकाच ओळीत दोघं कायले? चार ओळी सोडून धरतो मी. लवकर उरकन." उरकलंही लवकर. त्याला आनंद झाला. नवा फोन त्याच्या खिशात, एकेक तुकडा दोघांच्या कानात. मी माणिकबाईच्या ओटीत, तिचा अंगठा माझ्यावर. तोडताना ती मधेच थांबायची, ताण आला का पाहायची. ताण येत नव्हता.

मंगळवार. बुधवार.

मला वाटायचं, तिला मी हवं आहे.

शनिवार, शेवटची सकाळ. तिनं हाक मारली, "ऐकलं काय?" त्यानं ऐकलं नाही. कानात गाणं. तिनं पुन्हा हाक मारली. मग टोपलं उचललं, चार ओळी ओलांडल्या आणि त्याच्या झाडांच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. तो मान खाली घालून तोडत होता. बऱ्याच वेळानं त्यानं वर पाहिलं आणि कानातला तुकडा काढला.

"काय झालं? साप निंगाला काय?"

"नाई."

"मंग काहून आली?"

"तिकडं एकटीले गमत नाई मले."

तुकडा त्यानं खिशात टाकला. "मले वाटलं, तुले बरं झालं. वढावढी गेली."

"मी म्हटलं काय तसं?"

"नाई म्हटलं." त्यानं आपलं टोपलं बाजूला सरकवलं. "तोड मंग."

तिनंही आपल्या कानातला तुकडा काढला. दोघं तोडू लागली. रेडिओ नाही, वायर नाही. फक्त देठ तुटल्याचा आवाज, इकडून एक, तिकडून एक. माझ्याशिवाय.

रविवारी करिश्मा पुन्हा आली आणि मला घेऊन गेली. माणिकबाईनं स्वतःच्या हातानं काढून दिलं.

मित्रांनो, नवा फोन जरूर घ्या. जुना सांभाळा असं मी म्हणत नाही, दुकानातल्या खोक्यात आम्ही पुष्कळ आहोत. पण नव्यात जे नसेल, त्यानं तुम्हाला कोणाजवळ उभं केलं होतं, ते आठवा. आणि त्या माणसाकडे स्वतःच्या पायांनी जा.

माझं म्हणाल तर पिन येणार नाही, हे मला कळतं.

भोक बंद कसं करायचं, ते मात्र मला कोणी शिकवलेलं नाही.