मागून तिसरा बाक

मी एक जुना बाक आहे. लाकडी, लांबट, मोठी माणसं असतील तर पाच बसतील, पोरंसोरं असतील तर सात. चाळीस वर्षं मी एका चर्चमध्ये मागून तिसऱ्या ओळीत उभा होतो. आता चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून आहे आणि माझ्यावर रंगाचे रिकामे डबे रचलेले आहेत. मित्रांनो, माझी कहाणी मी माझी कीव यावी म्हणून सांगत नाही. माझ्यावर बसणाऱ्या एका बाईसाठी सांगतो.

मला घडवणाऱ्या सुताराला सगळे 'रंधा' म्हणत, कारण तो लाकडाइतकीच माणसंही तासायचा. "बाक आरामशीर कर हं," असं पाळकसाहेब म्हणाले तेव्हा तो उत्तरला, "साहेब, फार आरामशीर केला तर तुमच्या प्रवचनाला माणूस जागा राहायचा नाही. आणि फार कडक केला तर माणूसच राहायचा नाही." मग त्याने माझी पाठ जराशी कलती ठेवली आणि कडा गोल केल्या. "गड्या, तू आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त टिकशील," असं म्हणून त्याने मला तेलपाणी केलं. ते माझं पहिलं कौतुक.

माझ्या डाव्या टोकाला इस्त्रीवाली बसायची. गल्लीच्या तोंडाशी तिचं इस्त्रीचं दुकान होतं. तिच्या बोटांना कायम कोळशाचा वास असे. नवरा लवकर वारला होता. दोन मुलींना तिनेच वाढवलं. प्रवचन लांबलं की धाकटी थोरलीच्या कानाशी लागायची, आणि आई समोरची नजर न हलवता तिला असा चिमटा काढायची की पोर एकदम ताठ बसे. थोरली गायची. तिचा आवाज लागला की पुढच्या ओळीतली माणसं माना वळवून बघत. अशा वेळी इस्त्रीवाली उगाचच पदर सारखा करी. मला वाटायचं, बाकाचा जन्म घ्यावा तर असा.

दोघी मोठ्या झाल्या आणि कपडे शिवण्याच्या कारखान्यात लागल्या. कारखान्याचा मालक आमच्याच चर्चमध्ये पहिल्या ओळीत बसायचा. बायका वेळेआधी सटकतात, कापड पळवतात, असा त्याला संशय होता. म्हणून कामाच्या वेळात मागच्या दाराला कुलूप लावायचा त्याचा हुकूम होता. किल्ली चौकीदाराकडे असे.

एका दुपारी पुढच्या दाराजवळच्या कापडाच्या गठ्ठ्यांना आग लागली. चौकीदार त्या वेळी पुढच्या फाटकावर ट्रकमधला माल उतरवून घेत होता. एकोणीस जणी गेल्या. दवाखान्यात जागा उरली नाही, तेव्हा त्यांना चर्चमध्ये आणलं आणि आम्हा बाकांवर ठेवलं. माझ्यावर थोरली होती. धाकटी पलीकडच्या ओळीत. इस्त्रीवाली दोघींच्या मधल्या वाटेत उभी होती. कोणाजवळ आधी बसावं हे तिला कळत नव्हतं.

अंत्यविधीला चर्च गच्च भरलं. पाळकसाहेब माणूस वाईट नव्हते, पण गप्प राहणं त्यांना जमत नसे. ते म्हणाले, "यामागे देवाची काही योजना असेल. आपण ती स्वीकारू या."

इस्त्रीवाली उभी राहिली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. म्हणाली, "पाळकसाहेब, योजनाबिजना नव्हती. दाराला कुलूप होतं."

पहिल्या ओळीत कोणी तरी खाकरलं. दोघीतिघींनी तिला हात धरून खाली बसवलं. "दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं," माझ्या मागे कुजबुज झाली. डोकं ठिकाणावर असलेलं ते एकच माणूस होतं, हे मी त्यांना कसं सांगणार?

त्यानंतर कित्येक महिने ती आली नाही. मग एका बुधवारी भर दुपारी, चर्च रिकामं असताना आली, माझ्यावर बसली आणि दोन्ही मुठींनी मला बडवू लागली. "कुठं होतास तू? बोल ना! आता का दातखीळ बसली?" ती देवाशी भांडत होती. मार मात्र मी खात होतो. मित्रांनो, आयुष्यात तेवढंच एक काम मी मनापासून केलं असं मला वाटतं.

आवाज ऐकून पाळकांची बायको आली. तिने शास्त्र उघडलं नाही. शेजारी बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ताई, मला उत्तर माहीत नाही. पण विचारा तुम्ही. क्रुसावर असताना त्यानंही 'का' असंच विचारलं होतं."

"त्याला तरी मिळालं का उत्तर?"

"त्या दिवशी नाही मिळालं."

इस्त्रीवाली तिच्याकडे बघत राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणी तिच्याशी खरं बोललं होतं. पुढच्या बुधवारी ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. कधी भांडायची, कधी नुसती बसायची. एकदा बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. आगीनंतरची ती तिची पहिली गाढ झोप. पाळकांची बायको तासभर हलली नाही, आणि जागी झाल्यावर इस्त्रीवाली म्हणाली, "तो इथं होता गं. बोलला काहीच नाही. पण होता."

कोर्टात साक्ष द्यायला ती एकटी उभी राहिली. बाकीच्या घरांची तोंडं मालकाने बंद केली होती. निकाल लागला, मोठा मासा जाळं फाडून गेला आणि चौकीदार अडकला. मालक पुढच्या रविवारी पहिल्या ओळीत हजर.

चौकीदार तीन वर्षांनी सुटला आणि चर्चला आला. ज्या बाकाकडे वळे तिथली माणसं पसरून बसत. मालकाशेजारी दाटीवाटी करणारीच ती माणसं! शेवटी तो माझ्या उजव्या टोकाला टेकला. इस्त्रीवाली उठून निघून गेली. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी ती आली तेव्हा तो आपणहून उठून भिंतीशी उभा राहिला. उपासना संपली, लोक पांगले. दोघंच उरली.

"किल्ली कुठं होती?" तिने विचारलं.

"खिशात. धूर दिसला तसा मागच्या दाराकडे पळालो, बाई. कुलूप तापलं होतं. किल्ली लागेना." त्याने तळहात पुढे केला. कातडी आक्रसलेली होती.

"माझ्या पोरींचा आवाज आला होता?"

त्याने तळहात मिटला. मग म्हणाला, "थोरलीचा. 'काका, लवकर' म्हणत होती."

तिने माझी कड घट्ट धरली. मला वाटलं, आता मी मोडणार. मग ती सावकाश म्हणाली, "तुम्हाला माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. उद्या म्हणेन की नाही, ते त्यालाच ठाऊक. पण उभे राहू नका. बसा."

तो बसला. त्या दोघांमध्ये दोन माणसांचं अंतर राहिलं, आणि ते तसंच राहिलं, शेवटपर्यंत.

यंदा मालकाच्या मुलाने चर्चला नवे, गाद्यांचे बाक दिले. प्रत्येकावर वडिलांच्या नावाची पितळी पट्टी. आम्हाला बाहेर काढायच्या आदल्या रविवारी मोठा समारंभ झाला. नव्या पाळकांनी म्हाताऱ्या इस्त्रीवालीला पुढे बोलावलं. "एवढ्या संकटात प्रभूने तुम्हाला शांती कशी दिली, त्याबद्दल दोन शब्द सांगा आजी."

ती काठी टेकत उभी राहिली. "दिली. खरंच दिली. ती नसती तर मी विहीर जवळ केली असती. मुली दिल्या नाहीत. दोन्ही गोष्टी लिहून ठेवा." मग पहिल्या ओळीकडे वळून म्हणाली, "आणि ती शांती मला दिलीय. तुम्हाला नाही."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना. एकटा चौकीदार उठला आणि तिला हात देऊन जागेवर घेऊन आला.

मित्रांनो, पुढच्या आठवड्यात माझं सरपण होणार आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. लाकडाचा शेवट तोच. तुमच्याकडे मागणं एकच. कोणाचं घर उद्ध्वस्त झालं तर त्याला देवाचं मन समजावून सांगायला जाऊ नका. ज्याने उद्ध्वस्त केलं त्याचं नाव मोठ्याने घ्या. आणि ज्याचं घर गेलं त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याने मुठी आपटल्या तर आपटू द्या. मी नुसतं लाकूड होतो, मला जमलं. तुम्ही तर माणसं आहात.