गुणगुणतं पाणी

लेकीच्या, ज्योतीच्या, लग्नात मंगलाष्टकं म्हणायची म्हणून माझ्या सासऱ्यांनी, बाबारावांनी, नवी कवळी करून घेतली. घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं त्यांचीच. नातीच्या लग्नात तर त्यांना दुसरं काही नकोच होतं. नवे कपडे नकोत, मान नको, फक्त आवाज खणखणीत लागला पाहिजे. महिनाभर ते घोकत होते आणि आम्ही निमूट ऐकत होतो.

मी जबलपुरात रिछाईच्या एका कारखान्यात काम करते. आमच्याकडे दुकानांसाठी अॅक्रिलिकच्या पाट्या होतात, काउंटरवरच्या पारदर्शक काचा होतात. ती काच नव्हेच, पण लोक तिला काचच म्हणतात. शीट भट्टीत तापली की ओल्या पापडासारखी लवते. साच्यावर टाकायची, गार झाली की तशीच राहते. कवळीही याच कुळातली, हे मी घरात सांगून ठेवलं होतं. पण सुनेचं ऐकतंय कोण?

लग्नाच्या आदल्या दिवशी अचलपूरहून शकुआत्या आल्या, बाबांची धाकटी बहीण. हौस दांडगी. भावाबरोबर दवाखान्यातसुद्धा त्याच गेल्या. डॉक्टरांनी कवळी थोडी घासून नीट बसवली आणि सांगितलं, "अम्मा, रात को निकालकर गुनगुने पानी में डाल देना." जबलपुरात गुनगुना म्हणजे कोमट. आत्यांना ते कुठून ठाऊक असणार?

लग्नाच्या सकाळी बाबांनी कवळी तोंडात घातली, तर ती बसेना. डावी बाजू हिरडीवर, उजवी अधांतरी. मी हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. आमच्या कारखान्यात ज्यासाठी भट्टी पेटवावी लागते, ते घरच्या गॅसवर फुकटात झालं होतं.

"आत्या, पाणी किती गरम होतं?"

"काहून? डॉक्टरनंच तर सांगतलं, गुणगुणतं पाणी घ्या म्हणून. मी गॅसपाशी कान देऊन उभी होती. पाणी गुणगुणाले लागलं, तशी कवळी टाकली."

मला राग आला होता, पण हसू आधी बाहेर पडलं. डॉक्टरांना फोन केला. "परसों से पहले नहीं होगा, भाभीजी." मुहूर्त दुपारचा होता.

बाबांनी बोळक्या तोंडानं 'सावधान' म्हणून पाहिलं. त्याचं 'हावधान' झालं. त्यांचे डोळे भरून आले आणि माझं हसू कुठच्या कुठे गेलं. आत्या तर पदरात तोंड खुपसून रडायला लागल्या.

शेवटी बाबाच म्हणाले, "शकू, रडून काय राहिली? तुले येतात ना सगळी? आपले आप्पा मले शिकवत, तवा तू दाराआड बसून राहायची. मी चुकलो का पहिले तूच हसायची."

"चार लोकांत मी कधी म्हटली नाही, दादा."

"म्हणू कुठं दिली कोणी? मी मागं आहो ना. चाल मी धरतो."

अंतरपाट धरला गेला. आत्यांचा आवाज आधी कापला. मागे बाबा ओठ मिटून गुणगुणत होते. त्या सुरावर आत्यांचा आवाज हळूहळू चढला आणि मोकळा झाला. एरवी अक्षता कुठेही उधळणारे वऱ्हाडी ऐकत उभे राहिले. शेवटी मात्र बाबांना राहवेना. त्यांनी मोठ्यानं 'हावधान' म्हटलं आणि अंतरपाटामागे ज्योती खुदकन हसली.

नवी कवळी आली, अगदी छान बसली. कार्तिकात पुतणीचं लग्न आहे. मी म्हटलं, "बाबा, आता तुमचा आवाज खणखणीत लागेल."

बाबांनी कवळी काढून कोमट पाण्यात ठेवली.

"शकूले बोलाव," ते म्हणाले. "तिले म्हणू दे. मी गुणगुणतो."