आशाला आवडायचं ते रामेन

मी एक जुनं मेन्यूकार्ड आहे. मित्रांनो, तुम्ही हॉटेलात गेलात की माझ्यासारखं एखादं कार्ड तुमच्यापुढे येतं. तुम्ही त्यावर बोट फिरवता, पदार्थ सांगता आणि त्याला विसरून जाता. त्यात तुमचं काही चुकत नाही, आमचं काम तेवढंच असतं. पण माझ्यावर एकदा एक बोट फार वेळ फिरलं होतं. ते मात्र मला विसरता आलेलं नाही.

माझा जन्म नारायणगावच्या एका छापखान्यात झाला. वारूळवाडीचा आदेश नावाचा तरुण तिथे कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाच्या शेजारी स्टूल घेऊन बसला होता. आदेशनं सात वर्षं चाकणकडच्या एका जपानी हॉटेलात एका जपानी उस्तादाच्या हाताखाली काम केलं होतं. आता तो गावाजवळ हायवेला स्वतःचं रामेनचं हॉटेल काढत होता. रामेन म्हणजे वाडगाभर गरम सूप, त्यात लांब शेवया आणि वर भाज्या, अंडं, मांस असं काय काय. छापखानेवाल्यानं आधी 'रामन' लिहिलं, मग 'रामेण'. "राव, सरळ शेवया म्हणा की," तो वैतागला. पण आदेशनं अक्षर न् अक्षर नीट करून घेतलं. आठ प्रकारची रामेन माझ्यावर छापली गेली. प्रत्येकाचं चित्र आणि खाली मराठीत दोन ओळी. मग माझ्यावर प्लास्टिक चढलं. आदेशनं मला उजेडात धरून पाहिलं, तेव्हा आपल्याइतकं देखणं या तालुक्यात कुणी नाही, असंच मला वाटलं.

सुरुवातीला कॉलेजची मुलं यायची. माझे फोटो काढायची, एक वाडगा मागवून चौघं खायची. ओझरला गणपतीला जाऊन आलेली कुटुंबं गाडी थांबवायची, मला उलटसुलट करून बघायची आणि विचारायची, "ही मॅगीच ना?" आदेश हसून समजावून सांगायचा. मग कुणीतरी म्हणायचं, "मंचुरियन नाही का?" नसलं की उठून जायचे. हळूहळू टेबलं रिकामी राहू लागली, आणि माझ्या कोपऱ्यातून प्लास्टिक सुटू लागलं.

माघातल्या एका दुपारी एक नवरा-बायको आत आले. गेणभाऊ आणि गोजरबाई. ओतूरच्या पलीकडच्या एका वाडीत त्यांची थोडी शेती होती आणि तीस-चाळीस मेंढरं. गेणभाऊ खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. आदेशनं पाणी ठेवलं आणि मला त्यांच्यापुढे ठेवलं. दोघांनाही वाचता येत नव्हतं. गोजरबाईंनी पदराला हात पुसले आणि माझ्या चित्रांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. पहिल्यापासून आठव्यापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"भाऊ, जपानातली लोकं खात्यात ते ह्येच ना?"

"हेच, मावशी. कोणतं देऊ?"

"तेच तर कळंना."

गेणभाऊंनी घसा खाकरला. "आमची पोरगी व्हती तिकडं. आशा. म्हाताऱ्या मानसांची सेवा करायची. चार वर्सं व्हती. गेल्या सालच्या थंडीत बर्फावरनं सायकल घसरली, डोक्याला मार लागला. आमच्यापतूर निस्ती राख आली."

आदेश उभा होता तो खुर्ची ओढून बसला.

"उद्या तिचं वर्षश्राद्ध हाय," गोजरबाई म्हणाल्या. त्यांचं बोट अजून माझ्यावरच होतं. "दहाव्याला कावळा शिवला न्हाई, भाऊ. दुपार कलली तरी न्हाई. पुरनाची पोळी ठिवली व्हती, तिला लई आवडायची. पन ती ल्हानपनी. तिकडं गेल्यावर फोनवर म्हनायची, आई, आज रामेन खाल्लं. म्हनून वाटलं, उद्या तिच्या पानात ते ठिवावं."

"कोणतं रामेन, काही म्हणाली होती का?"

गोजरबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "मी जेवलीस का म्हनून इचारायची. ती हो म्हनायची. मंग मी आपलं मेंढरांचं सांगत बसायची."

आदेशनं मला जवळ ओढलं आणि एकेक नाव वाचायला घेतलं. हे शिओ, मिठाचं. हे शोयू, सोयासॉसचं. हे मिसो, आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं. प्रत्येक नावानंतर तो थांबून दोघांच्या तोंडाकडे बघायचा. एखादं नाव ओळखीचं निघेल, त्यांचे डोळे हलतील, असं त्याला वाटत असावं. आठही नावं संपली. कुणाचेच डोळे हलले नाहीत.

"तिकडचं गाव कुठलं होतं तिचं?"

"नाव काय आमच्या तोंडात बसलं न्हाई. वरच्या अंगाला. कंबरंएवढा बर्फ पडायचा म्हनं."

"माझे उस्ताद सांगायचे, बर्फाच्या मुलखात मिसो रामेन खातात. वर मक्याचे दाणे आणि लोण्याचा तुकडा घालून."

गोजरबाईंनी चटकन नवऱ्याकडे पाहिलं. "अवं, मक्याचं कायतरी म्हनली व्हती का वो?"

गेणभाऊंनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हनली आसंल," ते हळूच म्हणाले. त्यांना काही आठवत नव्हतं, हे मलासुद्धा कळलं.

बोट पाचव्या, मक्याच्या दाण्यांच्या चित्रावर येऊन थांबलं. "ह्येच द्या, भाऊ."

श्राद्धाचं म्हणून आदेशनं त्यात मांस घातलं नाही, अंडंही नाही. कांदा-आलं आणि भाज्या उकळून नवं सूप केलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे त्यानं पाहिलंही नाही. घरचे दोन स्टीलचे डबे काढून एकात सूप भरलं, एकात कच्च्या शेवया. "पान वाढायच्या वेळीच शेवया उकळा, मावशी. फार वेळ ठेवलं तर फुगतं." गोजरबाईंनी दोन्ही डबे मांडीवर घेतले आणि एसटीच्या थांब्यापर्यंत ते कुणालाच धरू दिले नाहीत, असं आदेश नंतर वडलांना सांगत होता.

पाच दिवसांनी गेणभाऊ एकटेच डबे परत द्यायला आले. घासून लखलखीत केले होते.

"शिवला का, बाबा?" आदेशनं विचारलं.

"आला व्हता. पुरनाची पोळी घिऊन गेला. रामेनला चोच लावली न्हाई. ही म्हनली, थांबू. तासभर उनात थांबलो. शेवयांचा पार लगदा झाला. मी म्हनलं, टाक आता गुरांम्होरं. तर हिनं पातेलं हातात घेतलं आन उभ्यानं समदं खाल्लं. गारढोन. कुनाला घास दिला न्हाई."

"काय म्हणाल्या?"

"म्हनली, लई खारट हाय. माझी पोरगी येवढं खारट खात व्हती आन मला ठावं न्हाई." गेणभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भाऊ, खरं सांगा. ती ह्येच खायची का?"

आदेश माझ्याकडे बघत राहिला. खोटं बोलणं सोपं होतं.

"माहीत नाही, बाबा."

"मला बी न्हाई," गेणभाऊ म्हणाले. त्यांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

त्या उन्हाळ्यात हॉटेल बंद झालं. आदेश पुन्हा चाकणला कामाला लागला. माझ्या बाकीच्या भावंडांचं काय झालं ठाऊक नाही. मी आदेशच्या घरी माळ्यावर, जुन्या वाडग्यांखाली आहे. उंदरांनी माझी एक बाजू कुरतडली आहे. पण मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी कागद आहे, पुन्हा छापता येतो.

तुमच्या घरातलं कुणी शिकायला लांब गेलं असेल, कुणाचा दादा, कुणाची ताई परगावी असेल. आज त्यांचा फोन आला की 'जेवलीस का' एवढ्यावर थांबू नका. काय जेवलीस, कुठे बसून जेवलीस, तिखट होतं की खारट, सगळं विचारा. ती सांगत असेल तेव्हा मध्ये बोलू नका.