नारळाच्या भुशातली माझी अंडी

रजेवर भारतात जाताना घरात ओलं काही ठेवायचं नाही. का, ते विचारायचं नाही. जून लागल्यापासून मी हे ऐकतेय.

मी किलीफिश मादी बोलतेय. बोटाएवढी, मातकट; रंग सगळे नरांच्या वाट्याला. आमचं मूळ टांझानियात, पावसात भरणाऱ्या आणि उन्हात आटणाऱ्या डबक्यांत. डबकं आटलं की मोठे मासे मरतात. चिखलातली अंडी मात्र महिनोन् महिने थांबतात आणि पुढचं पाणी मिळालं की फुटतात. त्यामुळे आमच्यात वडीलधारे नसतात. मला कुणी काही शिकवलं नाही. त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

माझा जन्म बहारीनचा, माहूजमधल्या फ्लॅटमधल्या काचेच्या टाकीतला. पुण्याहून प्राणिशास्त्र शिकून आलेल्या आर्याने तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा पसरला. तोच आमचा चिखल. त्यात मी रोज अंडी घातली. तिने तो भुसा पिळून, ओलसरच, पिशवीत बांधून ठेवला. सुकला तर अंडी मरतील, फार तापला तरी मरतील.

नर केव्हाच गेला. माझीही पाठ वाकलीय. आता जे काही आहे ते त्या पिशवीत.

काल तिची आई, सुनंदाबाई, फ्रीज रिकामा करत होत्या. फ्रीजवरची भुशाची पिशवी उचलून त्या म्हणाल्या, "हा कचरा कुणाचा?"

"त्यात अंडी आहेत, आई."

"मग आमलेट कर आणि मोकळी हो."

"एसी बंद झाला की घर भट्टी होतं. पिशवी खालच्या नसीमाआपांकडे ठेवते."

"त्याही शुक्रवारी रत्नागिरीला चालल्यात."

"मग माझ्या पर्समधून नेते."

बॅगेचं कुलूप लावता लावता बाबा, जयप्रकाश, हसले. "विमानात चिखल? आणि कस्टमवाल्याला काय, प्राणिशास्त्र शिकवणार? टाक ती. युद्धाच्या वर्षी आपण तिकडेच अडकलो आणि इथे फ्रीजमध्ये कोळंबी सडली होती, आठवतंय ना?"

"ती कोळंबी होती, बाबा. मेलेली. ही जिवंत आहेत."

"उलट बोलू नकोस. नियम म्हणजे नियम."

सुनंदाबाईंनी कचऱ्याच्या काळ्या पिशवीचं तोंड उघडलं. मी काचेला येऊन टेकले. मला एवढंच सांगायचं होतं, की ओल राहू द्या, बाकी अंडी स्वतःचं बघतील.

आर्याने आईच्या हातातून भुशाची पिशवी काढून घेतली.

"मी ही टाकणार नाही. माझं तिकीट रद्द करा. एसी लावून मी इथेच राहते, एकटी. तुम्ही जाऊन या."

जयप्रकाश बॅगेवर बसले. सुनंदाबाईंच्या हातात काळी पिशवी तशीच उघडी राहिली. आर्याने भुशाची पिशवी पुन्हा फ्रीजवर ठेवली.